शेवट सांगणारीच्या नावे

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरात, पुढच्या खोलीचं दार आतून लावून लिहीत आहे. मी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेली निरीक्षक. वय झालं आहे, गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. डोकं जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो हातात घेण्याआधी मी पूर्ण वाचला आणि डॉक्टरांना त्यांची सही माझ्यासमोर पुन्हा करायला लावली. त्यांना राग आला. येऊ दे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. आणण्याचा प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख पुढे योग्य त्या कलमात येईल.

वकिलांनी मसुदा वाचून कपाळाला हात लावला. म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात एवढं मन मोकळं करायचं नसतं. कोणाला काय द्यायचं तेवढं लिहा आणि मोकळ्या व्हा." मी म्हटलं, "कारण लिहिलं नाही तर माझ्या माघारी लोक आपापलं कारण तयार करतील. त्यापेक्षा मीच देते." म्हणून ज्याला घाई असेल, त्याने सरळ शेवटचं कलम आधी वाचावं. त्याच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

कलम १. गेल्या वर्षी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते या लिखाणाने रद्द समजावं. त्यात राहतं घर मी माझ्या भाच्याला, म्हणजे माझ्या भावाच्या मुलाला, लिहून दिलं होतं आणि धाकटीला फक्त तिच्या खोलीतलं लाकडी कपाट आणि एक घड्याळ. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. माझे दीर लवकर गेले, तेव्हापासून ती आमच्याकडेच आहे. मागच्या खोलीत राहते. केस पांढरे झाले तरी धाकटीच. घर माझ्या एकटीच्या पगारातून घेतलेलं आहे, त्यामुळे ते कोणाला द्यायचं हा अधिकार माझा एकटीचा. गेल्या वर्षी मी तिला त्यातून बाहेर काढलं होतं आणि तिला त्याचा पत्ता नाही. भाच्याला मात्र कुठूनतरी कळलं असावं. कारण त्यानंतर तो दर आठवड्याला सफरचंदं घेऊन येऊ लागला. दडपणाचा प्रयत्न म्हटलं तो हाच. मी ती सफरचंदं घरच्या काट्यावर मोजते. पिशवीवर लिहिल्याइतकी कधीच भरत नाहीत.

कलम २. आता सिनेमाचं सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

मला सिनेमाचं वेड आहे, पण शेवट माहीत असल्याशिवाय मी सिनेमाला बसत नाही. खून कोणी केला, कोण मरतं, कोण परत येतं, हे सगळं आधी कळलं पाहिजे. दुकानदाराने तराजू उचलला की माझं लक्ष त्याच्या करंगळीकडे जातं, तसं दिग्दर्शकाने गाणं सुरू केलं की मला वाटतं, हा आता कोणालातरी मारणार. त्यामुळे आमच्या घरात पद्धत अशी पडली की शुक्रवारी दुपारच्या खेळाला धाकटीने जायचं, घरी येऊन मला शेवट सांगायचा, आणि मला पटला तर रविवारी मी आणि ह्यांनी जायचं. हे म्हणजे माझे दिवंगत पती. छापखान्यात जुळारी होते, खिळे जुळवायचे. स्वभाव अगदी माझ्या उलटा. शेवट कळला की त्यांची सगळी मजा जायची. धाकटी दारातून "जाऊबाई, ऐका!" म्हणाली की हे कानात बोटं घालून अंगणात जायचे. आम्ही दोघी स्वयंपाकघरात कुजबुजत बसायचो आणि हे बाहेरून ओरडायचे, "झालं का? येऊ का?"

रविवारी थिएटरात मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्या तोंडाकडे जास्त बघायची. पुढे काय होणार ते मला माहीत असायचं ना. वाईट प्रसंग जवळ आला की मी त्यांचा हात आधीच धरून ठेवायची. काही वर्षांनी त्यांच्या ते लक्षात आलं. मी हात धरला की म्हणायचे, "झालं! आता हा मरणार. सांगितलंस की नाही शेवटी!" आजूबाजूचे लोक शुक शुक करायचे. आम्हाला दोनदा टॉर्चवाल्याने दटावलं आहे.

कलम ३. त्याच थिएटरच्या उपाहारगृहात लाह्या विकणाऱ्या इसमास माझ्याकडून काहीही देणं नाही. नोकरीत असताना मी त्याचा काटा जप्त केला होता. पारड्याखाली शिशाचा तुकडा चिकटवलेला सापडला. त्यानंतर मी रांगेत दिसले की तो पिशवी ओसंडून वाहेपर्यंत भरायचा आणि वर "बाई, बरोबर आहे ना?" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा. जास्त भरलेली पिशवीसुद्धा चूकच असते, हे त्याला मी समजावून सांगितलं होतं. तो हसला होता. हे हसणं मी विसरलेले नाही.

कलम ४. ह्यांचं मनगटी घड्याळ धाकटीला द्यावं. मागच्या मृत्युपत्रातही ते तिलाच होतं, कारण त्यांच्या मनगटावरून ते काढून ठेवलं तेव्हा ती तिथे होती आणि मी नव्हते.

ते असं झालं. ह्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. मी त्यांच्या उशाशी बसून होते, उठायला तयार नव्हते. धाकटी म्हणाली, "जाऊबाई, अंघोळ करून, चार घास खाऊन या. मी आहे ना." मी घरी आले. परत गेले तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. धाकटीने मला बाकावर बसवलं, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "दादांनी डोळे उघडले होते. तुम्हाला शोधत होते. मला म्हणाले, तिला सांग, या खेपेस शेवट मला आधी कळला. आणि हसले हो, खरंच हसले."

त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली. ऑफिसात सांगितलं, शेजारी सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. ऐकणारा रडता रडता हसायचा. हे गेल्यावर मी थिएटरात पाऊल टाकलं नाही. आधी गुडघ्यांचं निमित्त होतं, मग गुडघे खरंच गेले. पण धाकटी शुक्रवारी जात राहिली आणि येऊन मला शेवट सांगत राहिली. आता ती नुसता शेवट नाही, अख्खा सिनेमाच सांगते. मी पाय ताणून पलंगावर, ती समोर खुर्चीत. हातवारे करून, आवाज बदलून. एकदा पोलिसांची धाड सांगताना तिने पाण्याचा तांब्या लाथेने उडवला होता.

कलम ५. टीव्ही भाच्याला द्यावा, पण अटीवर.

भाच्याने मला मोबाइल घेऊन दिला आणि आम्हा चौघांचा एक ग्रुप केला: मी, धाकटी, तो स्वतः आणि समोरच्या घरातली नर्स. कोणता सिनेमा बघितला, कसा वाटला, कोणी काय बघावं, हे त्यावर लिहायचं. नाव मी ठेवलं, 'आधी शेवट'. नियम एकच, शिफारस करायची तर शेवटासकट करायची. नर्स बिचारी नियम पाळते. "बघा. शेवटी सासू चांगली निघते. मी दोन रुमाल भिजवले," असं लिहिते. भाचा मात्र रोज एका सिनेमाची शिफारस टाकतो, सोबत टाळ्या वाजवणारे हात. "आत्या, चुकवू नकोस! शेवट तर अंगावर काटा आणतो!" मी विचारते, "काय होतं शेवटी?" तो म्हणतो, "छे छे, ते सांगून तुझी मजा कशाला घालवू?"

इथे कुठेतरी पाणी मुरतंय हे मी ओळखलं. शेवट लपवणं सभ्यता म्हणून चालून जातं, आणि ज्याने सिनेमा बघितलेलाच नाही त्याला ते फार सोयीचं पडतं. मी ग्रुपवर लिहिलं, 'फेरतपासणी' नावाचा सिनेमा बघितला, तुझं काय मत? असा सिनेमा नाही. आमच्या ऑफिसातल्या एका फॉर्मचं ते नाव आहे. भाच्याचं उत्तर लगेच आलं: "जबरदस्त! मी दोनदा बघितला. दुसरा भाग येतोय म्हणे!"

म्हणून अट अशी की भाच्याने कोणताही एक सिनेमा शेवटच्या पाटीपर्यंत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, धाकटीच्या शेजारी बसून पाहावा आणि शेवट तिला तोंडी सांगावा. तिला पटला तर टीव्ही त्याचा. मुलगा वाईट नाही. भित्रा आहे, आणि सगळ्यांशी सगळ्या बाबतीत हो म्हणतो.

कलम ६. आता गेल्या वर्षीचं मृत्युपत्र मी का केलं ते.

टीव्ही बिघडला होता. दुरुस्तीवाल्याने तो ठीक करून पुन्हा भिंतीवर लावला आणि चित्र बघायला म्हणून एक वाहिनी लावली. एक जुना सिनेमा संपत आला होता. बोगद्यात अडकलेल्या ट्रकचालकाचा. मी ओळखला, धाकटीने मला सांगितलेला. तिच्या सांगण्याप्रमाणे चालक चिखलाने माखून बाहेर येतो आणि बायको आधी त्याला शिव्या घालते आणि मग रडते. पडद्यावर ती बायको दोन कप चहा घेऊन बोगद्याच्या तोंडाशी उभी राहिली, उभीच राहिली, आणि पाट्या सुरू झाल्या. मी दुरुस्तीवाल्याला म्हटलं, "तू चुकीचा सिनेमा लावलास." तो म्हणाला, "बाई, सिनेमा वाहिनीवाले लावतात. मी फक्त रंग बघतो."

मनात शंकेची पाल चुकचुकली ती कायमची. धाकटी बाहेर गेली की मी मोबाइलवर, आवाज बारीक करून, तिने सांगितलेले सिनेमे एकेक बघू लागले. डोळ्यांत तेल घालून. फौजी मेला होता, धाकटीने त्याला घरी आणला होता. म्हातारा मेला होता, तिने त्याला नातवाच्या लग्नाला उभा केला होता. एका सिनेमात तर तिने अख्खी बुडालेली बोट वर काढली होती! आणि हे सगळे सिनेमे ह्यांच्या माघारी आलेले. त्याआधीचे शेवट बरोबर निघाले.

मी तिला काही बोलले नाही. पण घरात माझा जीव रमेना. ती म्हणाली पाणी तापलंय, तर मी बोट घालून बघायची. गोळी दिली तर पाकिटावरचं नाव वाचायची. शुक्रवारी ती शेवट सांगायची आणि मी "हो का? बरं झालं गं," म्हणायची, आणि मनातल्या मनात दवाखान्यातलं ते वाक्य पुन्हा तपासायची. कारण जी बाई सिनेमातल्या माणसांना मरू देत नाही, तिने मला बाकावर बसवून काय सांगितलं होतं? ते वाक्य किती नेमकं होतं! अगदी सिनेमातल्यासारखं. आणि मला आठवलं, मी घरी निघाले तेव्हा ह्यांच्या तोंडात नळी होती. नळी तोंडात असताना माणूस बोलत नाही. हे कळायला निरीक्षक असावं लागत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी ते मृत्युपत्र केलं. माझ्याकडून काढून घेतलं होतं ते एक वाक्यच, पण मला वाटलं, माझा नवराच दुसऱ्यांदा नेला.

कलम ७. समोरच्या घरातल्या नर्सला काहीही ठेवलेलं नाही. तिची नजर माझ्या फ्रिजवर आहे, हे मला ठाऊक आहे, येता-जाता त्याचं दार उघडून "काय थंड होतो हो!" म्हणते. पण ती या मृत्युपत्राची साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकील म्हणाले. फ्रिज धाकटीचा. तिने तो पुढे नर्सला दिला तर मी काही बघायला येणार नाही.

नर्सचं एक ऋण मात्र इथे लिहून ठेवते. गेल्या शुक्रवारी ती धाकटीबरोबर सिनेमाला गेली होती. दुसऱ्या दिवशी माझा रक्तदाब बघता बघता सहज बोलून गेली, "तुमच्या जाऊबाईंचं एक कळत नाही. सिनेमा संपला, सगळे उठले, झाडूवाला आला, तरी या खुर्चीतून हलेनात. मला विचारतात, ती बाई शेवटी स्टेशनवरून एकटी घरी जाते ना, तर तो पुढच्या गाडीने आला असं म्हटलं तर पटेल का? मी म्हटलं, कसं पटेल, तो तर गेला! तर म्हणतात, मग आधी कुठेतरी तो वाचल्याची खूण पेरावी लागेल. बसमध्येही तेच पुटपुटत होत्या. डोळे पुसत होत्या आणि जुळवत होत्या."

धाकटीने मला तो सिनेमा सांगितलेला होता. तो पुढच्या गाडीने आला होता.

मी पट्टा दंडावर तसाच ठेवून विचार करत बसले. सगळी नोकरी मी तराजू तपासले. बिघडलेला काटा कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. मुद्दाम बिघडवलेला काटा नेहमी एकाच बाजूला चुकतो, आणि ती बाजू दुकानदाराची असते. धाकटीचा काटा नेहमी एकाच बाजूला चुकत होता. पण तो माझ्या बाजूला चुकत होता. गिऱ्हाइकाच्या पारड्यात गुपचूप जास्त टाकणारा तराजू मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, म्हणून मला तो ओळखता आला नाही. आणि ती स्वतः? ती दर शुक्रवारी एकटी बसून खरा शेवट बघत होती, म्हणजे मला तो बघावा लागू नये.

नर्स पट्टा सोडता सोडता म्हणाली, "दादांच्या वेळी मी त्याच मजल्यावर होते, माहीत आहे ना तुम्हाला? शेवटच्या तासाला मीच..." मला माहीत होतं. नळी काढली होती की नव्हती, हे ती एका शब्दात सांगू शकली असती. सगळ्या आयुष्यात मी शेवट आधी विचारला. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, "चहा घेतेस का?" ती घेते म्हणाली. मी तिला बिस्किटंही दिली.

कलम ८ व अखेरचं. माझं राहतं घर, पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, अंगण आणि मागची खोली, त्यातल्या सर्व वस्तूंसह (टीव्ही वगळून), माझ्या पश्चात माझ्या धाकट्या जावेच्या पूर्ण मालकीचं होईल. त्यावर भाच्याचा, भावाचा वा इतर कोणाचा हक्क राहणार नाही. तिला शुक्रवारी दुपारी सिनेमाला जाण्यासाठी माझ्या बचतीतून जे लागेल ते मिळावं. बाकीची बचतही तिचीच.

माझ्या पतीचे अखेरचे शब्द म्हणून तिने जे सांगितलं, ते मी तपासलेलं नाही. ते बरोबर आहे असं मी निरीक्षक या नात्याने प्रमाणित करते. त्यांची फेरतपासणी कोणी करू नये. भाच्याने केल्यास टीव्ही रद्द. नर्सने आपण होऊन काही सांगू नये. तिला फ्रिज मिळण्याची आशा आहे हे तिने लक्षात ठेवावं.

धाकटे, हे तुला वाचून दाखवतील तेव्हा तू रडशील आणि म्हणशील, जाऊबाईंना कळलं होतं! हो, कळलं होतं. कळल्यावरही मी दर शुक्रवारी दाराकडे कान लावून बसत होते. मला तुझ्या बोटी वर आलेल्या आवडतात.

आता शेवटची गोष्ट. मी जाईन तेव्हा उशाशी बहुतेक तूच असशील. बाहेर येऊन लोकांना माझा शेवट तू सांगावास, इतर कोणी नाही. माझे अखेरचे शब्द म्हणून धाकटी जे काही सांगेल, ते मीच बोलले असं सर्व संबंधितांनी समजावं, मग माझ्या तोंडात नळी असो वा नसो.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिली, समोरच्या घरातली नर्स: बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत, रक्तदाब मी आत्ताच पाहिला. फ्रिजबद्दल लिहिलंय ते खोटं आहे. (सही)

साक्षीदार दुसरा, टीव्ही दुरुस्त करणारा: माझ्यासमोर सही झाली. सही करण्याआधी बाईंनी मला शेवटचं पान आधी वाचायला लावलं. (सही)

ठिकाण: घराची पुढची खोली, दार आतून लावलेलं.
दिनांक: शुक्रवार, दुपारचा खेळ सुटायच्या आत. फाटक वाजलं. धाकटी आली.